स्लॅबखालचा माणूस

सन दोन हजार सात. माझं वय तेव्हा एकसष्ट.

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यात कधी शेजारी बसू दिलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो. कारण वाचणारे म्हणतील, म्हातारा खेड्यातला, चौथी पास, ह्याला काय... जिथं तिथं भूत दिसणार. तसं नाही. मुठा खोऱ्यात एका बंगल्याचं काम होतं, तिथं पिंपळावर मुंजा आहे म्हणून गडी सावलीला जाईनात. मी त्याच पिंपळाखाली रोज भाकरी खाल्ली आणि वर पाय ताणून झोपलो. मुंजा काही आला नाही. मुंगळे आले.

तर हा अनुभव भुकूमचा. पौड रोडपासून आत, डोंगराच्या बाजूला एक सोसायटी उभी राहत होती, तिच्या बी विंगचा पहिला स्लॅब. मी सेंटरिंगचा मुकादम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो – स्लॅब ओतायच्या आधी खाली लोखंडी प्लेटा अंथरायच्या, प्लेटांना खालून टेकू द्यायचे, टेकूच्या बुडाशी पाचरी मारायच्या. वर ओला माल पडतो, तो सगळा भार ह्या टेकूंवर. माल वाळला की टेकू काढायचे, मग इमारत आपल्या पायावर उभी. भुगाव-भुकूमच्या कितीतरी इमारती आधी माझ्या टेकूंवर उभ्या होत्या, मग त्यांच्या पायावर. माझं सेंटरिंग कधी खाली बसलं नाही. हे मी छाती काढून सांगतो, आणि ज्याला खोटं वाटतं त्यानं तालुक्यात विचारून यावं.

आता एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माल पडत असताना एक माणूस स्लॅबच्या खाली असतो. सैल झालेली पाचर ठोकायची, वाकलेला टेकू सरळ करायचा, हे त्याचं काम. वर मिक्सरचा खडखडाट, व्हायब्रेटरची घरघर – खालचा कितीही ओरडला तरी वर ऐकू जात नाही. म्हणून तो हातोडीनं खालून प्लेटेवर मारतो. वरच्याच्या तळपायाला कळतं. ठोका लागला की आमच्या टोळीचा नियम असा, हातातलं घमेलं तिथंच टाकायचं आणि सगळ्यांनी जिन्याच्या कॉलमकडं यायचं. का ठोकलं हे नंतर विचारायचं. हा नियम माझा. त्याच्यावरनं मी माणसं कामावरनं काढलेली आहेत.

आणि खाली जायचा सोपान. माझ्याच गावचा, मुठ्याचा, बारक्या चणीचा, कमी बोलणारा. टेकूला कान लावून सांगायचा, ह्याच्यावर भार आलाय, ह्याच्यावर नाही. मी त्याला ठोक्या म्हणायचो. मी एकटाच. घरी तो सोपान, गावात सोपान, बाकीच्या गड्यांना सोपानदादा. ठोक्या फक्त मला, आणि तेसुद्धा फक्त कामावर.

बाकी कोणी खाली असलं तर प्लेटेवर एकच दणका द्यायचं. ठोक्याचं तसं नव्हतं. दोन जवळजवळ, मग श्वास घ्यावा एवढं थांबून तिसरा. ठक-ठक... ठक. मी एकदा चिडून विचारलं होतं, "एकानं भागत न्हाई व्हय रं तुझं?"

म्हणाला, "एक ठोका तर हातोडी निसटली तरी पडतुया. तीन पडलं मंजी माणसानं मारलं."

दोन हजार पाचला तो काविळीनं गेला. घरी, अंथरुणावर. साइटवर नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक लगेच म्हणतात आत्मा भटकत होता. त्याचा काही भटकत नव्हता. त्याला मी खांदा दिलेला आहे.

त्याच्यानंतर माझी टोळी पण बदलली. गावचे जुने गडी कोणी वॉचमन झाले, कोणी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या नि घरी बसले. नवे आले ते बिहार-बंगालकडचे. आणि दत्तू, माझा मुलगा. एकुलता एक. आयटीआय करून आला होता, त्याला मी टोळीत घेतलं. सोपान काका म्हणून एक होते एवढं त्याला माहीत. ठोक्या हे नाव त्याच्या कानावरसुद्धा कधी पडलेलं नव्हतं.

आता मॅडम.

वैशाली मॅडम अकोल्याकडच्या. पोरसवदा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत कागदांची गुंडाळी. त्यांच्याबरोबर साइट ऑफिसात कॉम्प्युटर आला – नवा कोरा, खोक्यातनं काढताना मी स्वतः पाहिला. त्यात प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर. पहिल्याच दिवशी मला बोलावलं.

"काका, आजपासून रोज संध्याकाळी मला सांगायचं, किती टक्के काम झालं."

मी म्हणालो, "टक्के शाळेत असत्यात, मॅडम. सेंटरिंग एकतर झालेलं असतंय न्हाईतर न्हाई. आन् मला काका म्हनू नका. मुकादम म्हना."

"बरं," त्या म्हणाल्या, "मुकादम काका."

माझ्यामागं उभा असलेला दत्तू तोंड फिरवून हसला. मी त्याच्याकडं बघितलं तेव्हा थांबला.

पण खरं ते सांगतो, चीज बघण्यासारखी होती. डावीकडं कामांची नावं – खोदाई, फुटिंग, कॉलम, भराव, सेंटरिंग, सळई, आणि कास्टिंग म्हणजे माल ओतणं. उजवीकडं प्रत्येकाची आडवी पट्टी. ह्या पट्टीच्या शेपटातनं बाण निघतो तो पुढच्या पट्टीच्या तोंडाला. मी त्यांना पेचात धरायला विचारलं, "सळईची गाडी आठवडाभर आलीच न्हाई तर?" मॅडमनी एक पट्टी ओढली, तर तिच्या मागच्या सगळ्या एका दाव्याला बांधल्यासारख्या सरकल्या, पार रंगकामापर्यंत. जेवढं काम झालं तेवढी पट्टीच्या पोटातनं काळी रेघ जायची. बार चार्ट म्हणायचे त्याला. माझ्या डोक्यात तीस वर्षं हेच चालत होतं. फक्त डोक्यातलं भिंतीला चिकटवता येत नव्हतं.

मी तोंडानं कबूल केलं नाही. पण संध्याकाळी टक्के सांगायला जाऊ लागलो.

प्रत्येक पट्टीच्या टोकाला ते काम कोण करणार त्याचं नाव इंग्रजीत यायचं. कास्टिंगला माझं. आणि मॅडमनी स्लॅबखाली थांबण्याची वेगळी पट्टी केली होती. मला आवडलं ते. आजपर्यंत कुठल्या इंजिनिअरनं त्या कामाला काम म्हणून मोजलं नव्हतं.

"खाली कोण जाणार आहे?" त्यांनी विचारलं.

"दत्तू. मुकादमाचा पोरगा खाली जातो. दुसऱ्याच्या पोराला घालून आपला वर ठेवनारा म्या न्हाई."

त्यांनी दत्तू लिहिलं. माझ्यासमोर.

कास्टिंग गुरुवारी धरलं होतं. त्याच आठवड्यात सोमवारी संध्याकाळी मॅडमनी नवा चार्ट छापून भिंतीला लावला. मी चहा घेत होतो. मला इंग्रजी येत नाही, म्हणून दत्तू बोट फिरवत एक-एक पट्टी वाचून दाखवत होता. सळई, सेंटरिंग चेकिंग, कास्टिंग... आणि थांबला.

"आबा, ह्यो ठोक्या कोन?"

मी म्हणालो, "काय?"

"हितं लिवलंय की. स्लॅबच्या खालती. माजं नाव न्हाई. टी एच ओ के वाय ए. ठोक्या."

चहा माझ्या हातावर सांडला ते मला नंतर भाजल्यावर कळलं.

मला पहिल्यांदा जो आला तो राग. भीती नाही, राग. मेलेल्या माणसाची चेष्टा! उठलो आणि चार्ट भिंतीवरनं ओढून फाडला.

"मॅडम, मस्करी करायला दुसरं मानूस घावंना का तुमाला?"

मॅडम गोंधळल्या. "काहून काका? काय झालं?"

"हे नाव कुनी सांगितलं तुमाला?"

त्यांनी फाटके तुकडे जुळवून बघितले. "हे मी टाकलंच नाही. मी तर दत्तू टाकलं होतं, तुमच्यासमोर. कोण आहे हा ठोक्या?"

मी सांगितलं नाही. कोणी नाही म्हणालो. दत्तूला बाहेर नेऊन दरडावलं – तू केलंस का, कोणाकडनं ऐकलंस? त्यानं आईची शपथ घेतली. आणि पोरगा खोटं बोलत असला की त्याचा उजवा कान लाल होतो, लहानपणापासून. कान लाल नव्हता.

टोळीतल्या नव्या पोरांना मराठी धड येत नव्हतं, त्यांना हे नाव कुठनं ठाऊक? जुना गडी एकही साइटवर नव्हता. मी घरी जेवताना सारखा हाच विचार करत होतो. कारभारीण म्हणाली, मीठ कमी आहे का? मी म्हणालो, नाही, जास्त आहे. ती म्हणाली, टाकायचंच विसरले.

बुधवारी दुपारी मी दत्तूला घेऊन ऑफिसात गेलो. म्हणालो, "मॅडम, माझ्यासमोर परत टाका. म्या हितंच हुबा ऱ्हातो."

त्यांनी फाइल उघडली. दत्तूनं वाचून सांगितलं – पडद्यावर ठोक्या. त्यांनी ते पुसलं. दत्तूनं स्वतः एक-एक अक्षर सांगितलं, डी, ए, टी, टी, यू. मॅडमनी टाकलं. दत्तू म्हणाला, "आता बराबर हाय. माजं नाव आलं."

मग छापायला दिलं. प्रिंटर किर्रकिर्र करत एक-एक ओळ बाहेर टाकत होता. आम्ही तिघंही त्याच्याकडंच बघत होतो. कागद पडला. दत्तूनं उचलला. एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं.

"वाच की रं."

"आबा... ठोक्याच हाय."

पडद्यावर दत्तू. कागदावर ठोक्या. मॅडमनी परत छापलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बटण दाबलंच नाही, हात मांडीवर घेऊन बसल्या. दिवसाढवळ्या, बाहेर सळई कापायचा आवाज चालू, खिडकीतनं ऊन आत... आणि कागदावर मेलेला माणूस.

"काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा ना. कोण होता हा?"

तेव्हा मी सांगितलं. दत्तूनंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मॅडम म्हणाल्या, "उद्या दत्तूला खाली नका पाठवू. मी कास्टिंगची पट्टी सरकवते. सोमवारी करू. साहेबांना मी सांगते काहीतरी."

खरं तर मला तेच पाहिजे होतं. बाप आहे मी. पण मिक्सर आलेला, माल आलेला, माणसं सांगितलेली... आणि मी कागदाला भिऊन स्लॅब थांबवायचा? उद्या सगळा मुळशी तालुका हसला असता.

"काय सरकवायचं न्हाई," मी म्हणालो. "सेंटरिंग म्या तपासलंय. टेकू न् टेकू हातानं हलवून बघितलाय. दत्तूच खाली जानार. तुमचा कागद लावा भिताडाला. ठोक्या येनार आसंल तर यिऊ द्या. म्या त्याची हजेरी लावतो."

दत्तू म्हणाला, "मी जातो की मॅडम. मला काय हुतंय."

त्याचा कान लाल झाला होता.

मी तेव्हा चुकलो असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. सेंटरिंग खरंच चोख होतं.

गुरुवारी तिकडं लाइट नसायची, त्यामुळं मिक्सर डिझेलचा आणि ऑफिसचा कॉम्प्युटर सकाळपासून बंद. त्याची बॅटरी आधीच गेलेली होती. हे ध्यानात ठेवा. मी नारळ फोडला, खोबरं वाटलं. दत्तू हातोडी घेऊन खाली गेला. मी वर, जिन्याच्या कॉलमपाशी, नेहमीच्या जागी. मॅडम खाली मिक्सरजवळ.

माल डोंगराकडच्या कोपऱ्यापासून टाकायला घेतला. तो कोपरा भरत आला, तशी टोळी मधल्या बीमकडं सरकू लागली. दोन गडी अजून कोपऱ्यातच थापी मारत होते. ऊन वर चढलं होतं. सगळं व्यवस्थित. मी मनात म्हणालो, बघ ठोक्या, झालं की नाही...

आणि माझ्या तळपायाला लागलं.

ठक-ठक...

ठक.

दोन वर्षांनी. तोच हात. बाई जशी नवऱ्याचा पाय वाजला की ओळखते तसा मी तो हात ओळखला. नियम माझा, तो अंगात इतका मुरलेला की तोंडानं आपोआप ओरडलो, "बंद! सब छोडो! इधर आ जाओ!" घमेली पडली. सगळे जिन्याकडं धावले. कोपऱ्यातले दोघे पण आले, एकाची थापी तिथंच ओल्या मालात उभी राहिली.

मग मला राग आला. ह्या दत्तूला काल सांगितलं आणि आज हा नक्कल करतो? मी स्लॅबच्या कडेवरनं खाली वाकून ओरडलो, "दत्त्या! कुनाची नक्कल करतूया रं?"

दत्तू जिन्याच्या बाजूनं, स्लॅबखालनं बाहेर आला. तो माझ्यापेक्षा जास्त चिडलेला.

"आबा, खालती कुनाला पाठवलंय? तुमी तर म्हनला व्हता मी एकटाच..."

"कुनालाच न्हाई पाठवलं."

"मंग जिन्यापाशी प्लेटंवर कोन ठोकत व्हतं? मी पार त्या कोपऱ्यात पाचर मारत व्हतो. मला वाटलं आलं कोन तरी मधी मधी करायला. बघाय आलो तर हितं कोनच..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही.

डोंगराकडचा कोपरा खाली गेला. मोठा आवाज नाही झाला. पोतं टाकल्यासारखा धप्प, मग प्लेटांचा खणखणाट, मग टेकू काड्यांसारखे आडवे. ओला माल, सळई, ती उभी थापी... सगळं खाली. दत्तू ज्या जागी पाचर मारत होता तिथं कमरेएवढा ढीग. धुरळा बसला तरी मिक्सर आपला फिरतोच आहे. बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी खाली कसा उतरलो ते आठवत नाही. दत्तूला धरून उभा होतो एवढं आठवतं. तो सारखा म्हणत होता, "आबा, सोडा, दुखतंय." मी सोडलं नाही. मॅडम रडत रडत माणसं मोजत होत्या. सगळी होती. कोणाला ओरखडा नाही.

नंतर दुसरे इंजिनिअर येऊन बघून गेले. प्लंबिंगच्या लोकांनी टाकलेली पाण्याची लाइन भरावाच्या पोटात फुटली होती. वरून माती कोरडी ठणठणीत, आत चिखल. ओल्या मालाचा भार आला आणि तिथले टेकू मातीत गेले. सेंटरिंगचा दोष नाही असं त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. मी ते दोनदा वदवून घेतलं.

तर कोपरा का पडला ह्याचं उत्तर आहे. त्याबद्दल मी लिहीत नाहीये.

संध्याकाळी लाइट आली. मी ऑफिसच्या पायरीवर बसलो होतो. आतनं मॅडमनी हाक मारली. आवाज असा की मी धावत गेलो. दत्तू पण आला.

त्यांनी नुकताच कॉम्प्युटर चालू केला होता. झालेलं काम भरायला फाइल उघडली, आणि हात मागं घेऊन बसल्या होत्या. मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण पट्ट्या वाचता येत होत्या तोपर्यंत. कास्टिंगची पट्टी रिकामी, कारण त्यात अजून कोणी काही भरलंच नव्हतं. कशातच भरलं नव्हतं. फक्त एका पट्टीत काळी रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. स्लॅबखाली थांबणे.

"शंभर टक्के," मॅडम म्हणाल्या. "काका, मी हात लावला नाही. देवाशपथ. दिवसभर हे बंद होतं. लाइटच नव्हती."

"नाव कुनाचं हाय?" मी विचारलं.

दत्तू पुढं झाला. त्यानं वाचलं. मग मॅडमनी छापलं, आणि त्यानं कागदावरचं पण वाचलं.

"दत्तू," तो म्हणाला. "दोनी कडं माजंच हाय आबा."

ठोक्याचं नाव गेलं होतं. काम झालं आणि तो पट्टीवरनं उतरला. त्यानंतर ती इमारत पुरी होईपर्यंत मॅडमनी किती चार्ट छापले असतील, ते नाव परत कधीच आलं नाही. प्रत्येक नव्या कागदावर दत्तू आधी ते शोधायचा, मला न सांगता. मला दिसायचं.

मी पुष्कळांना विचारलं. हिंजवडीला कॉम्प्युटरचं काम करणारा एक भाडेकरू आमच्या वाडीत राहतो, तो म्हणाला आबा, जुन्या फाइलवरनं नवी बनवली असेल, त्यातलं जुनं नाव आलं. मी म्हणालो, बाबा, तो माणूस गेला तेव्हा आमच्या साइटवर कॉम्प्युटर काय, कॅल्क्युलेटर नव्हता. आणि त्याला ठोक्या म्हणणारा मी एकटा, मला टाइप करता येत नाही. मग म्हणाला, प्रिंटरमध्ये गडबड असेल. असेल. मी नाही म्हणत नाही. पण गडबडीला नेमकं तेच नाव कसं सापडलं?

आणि ठोके? इंजिनिअर म्हणाले, टेकू खचताना कुठंतरी लोखंड वाजतंच. वाजतं, मला शिकवू नका. पण टेकू खचले डोंगराकडं आणि ठोके पडले जिन्याकडं, जिथला एकही टेकू तसूभर हललेला नव्हता. आणि एक पडला असता तर मी मानलं असतं. तीन पडले. तीन पडले म्हणजे माणसानं मारले. हे माझं नाही, त्याचंच म्हणणं.

ज्यांना काही खुलासा सुचेल त्यांनी जरूर लिहावं. मी वाचून घेईन नातीकडनं. मला अजून सुचलेला नाही. भुतावर माझा आजही विश्वास नाही. पिंपळ असेल तिथं मी आजही झोपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी साइटवर गेलो. ढीग तसाच होता, वर दव पडलेलं. हळूहळू टोळी जमली. आमच्यात कामाआधी हजेरी होते, मी नावं पुकारतो आणि प्रत्येकानं 'हाय' म्हणायचं. पहिलं नाव स्लॅबखाली जाणाऱ्याचं, ही पण माझीच रीत. सोपान गेल्यापासून मी दत्तूपासून सुरुवात करायचो. मॅडम पण येऊन मागं उभ्या राहिल्या, हेल्मेट हातात घेऊन. त्याची हजेरी लावतो असं मी बुधवारी मॅडम आणि दत्तूदेखत बोललो होतो, आणि बोललेलं मी मोडत नाही.

मी मोठ्यानं पुकारलं, "ठोक्या!"

माणसाला 'हाय' म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबलो. कोणी हसलं नाही. बिहारच्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि डोक्याचे रुमाल काढले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी पुढचं नाव घेतलं.

"दत्तू!"

"हाय, आबा."